टोल दिल्याशिवाय गाडी नाही!

स्टेशनात दोन गोष्टी साचतात. विसरलेल्या छत्र्या आणि किस्से! न्यायला कोणी येत नाही, टाकून द्यायला जीव होत नाही. छत्र्या मी स्टेशन मास्तर म्हणून रिटायर होताना नव्या माणसाच्या चार्जमध्ये लिहून दिल्या. किस्से मात्र घरी घेऊन आलो.

पालघर आणि बोईसरच्या मधलं आमचं चिमुकलं स्टेशन. नाव सांगत नाही, उगाच कोणीतरी चौकशी लावायचा. दगडी ऑफिस, एक बाक, एक चिंच आणि चिंचेला टांगलेला हातभर लांब रुळाचा तुकडा. वाफेच्या इंजिनाच्या काळापासूनचा! गाडी पालघरहून सुटली की सांधे बदलणारा आमचा पॉइंट्समन दामू त्यावर लोखंडी दांड्याने दोन टोल द्यायचा. खाडीपलीकडच्या पाड्यावर मासळी विकणारी हिराबाई मांगेलीण ते ऐकायची, म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घ्यायची आणि बांधावरून चालू पडायची. ती आणि गाडी एकदमच प्लॅटफॉर्मला लागायच्या.

एकदा दामूचं पोट बिघडलं आणि टोल राहिला. गाडी आली नि गेली. मागून हिराबाई तणतणत हजर.

"टोल द्याचा इसरलास आन गाडी सोडलीस!"

"मावशे, मी कुठं सोडली? ती आली आन गेली."

"टोलाबिगर आलीच कशी ती?"

 

* * *

दुसऱ्या वेळी एक इन्स्पेक्टर साहेब आले. भर दुपारी. हे काय, ते काय करत रुळाच्या तुकड्याजवळ गेले आणि दांडा उचलून गंमत म्हणून दिले दोन ठोके!

थोड्या वेळाने बांधावरून हिराबाई धावत. केस सुटलेले, हाताला खवले, पाटीत अर्धे साफ केलेले बोंबील. गाडी कुठे? गाडी नाही. टोल कोणी दिला? दामूने गुपचूप साहेबांकडे बोट केलं.

तिने पाटी साहेबांच्या बुटांपुढे उतरवली. "सायबा, गाडी आन, नाय तं म्हावरा घे!"

साहेबांनी सगळी पाटी घेतली आणि फर्स्ट क्लासमधून बोंबील घेऊन परत गेले. त्या डब्यात म्हणे त्या दिवशी जागाच जागा होती!

* * *

बोईसरजवळच्या सरावलीच्या चाळीत राहणारा कंपनीतला एक कामगार नवीनच आलेला. बाकावर बसून डबा खात होता. टोल पडले तसा, कारखान्याच्या घंटेला उठावं तसा, डबा झाकून उभा राहिला.

"मास्टरजी, लंच खतम?"

बिचाऱ्याला घास गिळू दिला नाही आम्ही!

* * *

हसलो खूप. पण पुढचं सांगताना मला माझाच राग येतो.

नवीन लाईन टाकायची म्हणून ऑफिस पाडायचं ठरलं. वरून, रेल्वेच्या हेरिटेज विभागाकडून पत्र आलं, 'जुनी, जतन करण्याजोगी वस्तू असल्यास कळवावे.' माझं अक्षर चांगलं. बसलो आणि त्या रुळाच्या तुकड्यावर पानभर लिहिलं.

दामूने ते माझ्याकडून वाचून घेतलं. "मास्तर, लई चांगलं लिवलंत. म्हंजी आता नेनार."

मला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय. चार दिवसांत माणसं आली, अभिनंदन करून माझा हात दाबला, फोटो काढला आणि तुकडा टेम्पोत टाकून घेऊन गेली. त्याच्या जागी स्पीकर आला. तीन भाषांत बोलायचा, पण खाडीपलीकडे एकही पोचायची नाही.

दुसऱ्या दिवशी हिराबाई दुपारी आली. पाटीतलं म्हावरं नासलेलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मास्तर, गाडीला काय झालं? मी सकालपासून पाटी भरून दारात बसलू."

 दामूच म्हणाला, "मावशे, टोल हेरिटेजनी नेला."

"ह्यो हेरटेज कोन? त्याच्याकडं गाडी हाय?"

"नाय."

"मंग टोल कशाला पायजे त्याला?"

मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. त्यानंतर पाटी तिची सून घेऊन जाऊ लागली, रिक्षाने, मोबाईलवर वेळ बघून. हिराबाई पुन्हा स्टेशनात आली नाही.

* * *

परवा दामूला आणि तिला घेऊन मी तो तुकडा ठेवलेलं रेल्वेचं म्युझियम बघायला गेलो. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, हातात सुक्या बोंबलांची पुरचुंडी. "हेरटेज सायबाला देते. म्हनते, द्या आमचा टोल परत."

तुकडा काळ्या रंगात चकाचक! दोन्ही टोकांनी बोल्ट मारून स्टँडला घट्ट आवळलेला. शेजारी दांडा आणि माहितीचा फलक. तिला आता नीट दिसत नाही.

"काय लिवलंय, मास्तर?"

'हात लावू नये' एवढं वाचलं. त्याखाली 'स्टेशन मास्तरांच्या पत्रामुळे प्राप्त' होतं. मग तेही वाचलं.

"हिराबाई, तो हेरिटेज साहेब मीच."

 तिने पुरचुंडी माझ्या हातात कोंबली.

"घ्या मंग. आन द्या टोल."

रखवालदार ओरडत आला. येऊ दे! मी दांडा उचलला आणि दिले दोन. थप्. थप्. बोल्ट मारलेलं लोखंड, वाजणार कुठून?

हिराबाईने कान देऊन ऐकलं. मग लुगडं सावरून तिथेच फरशीवर बसली.

"बसा मास्तर. पालघरवरनं गाडी अजून सुटली नाय."