शहजादी चाचीच्या पेटीतली ट्यूब

मुखेडच्या बसस्टँडसमोर एका बाईचा दोन मजली उंच चेहरा टांगलाय. खाली लिहिलंय, ‘सात दिवसांत उजळा, मग बघू कोण नाही म्हणतं!’ येता-जाता त्या चेहऱ्यावर शेण फेकावंसं वाटतं. मी अंगणवाडीची बाई, म्हणून हात आवरते.

त्याच फलकाखाली आठवडी बाजाराला शहजादी चाची बांगड्या मांडून बसते. मनियारीचा धंदा तिला सासूकडून आला. आसपासच्या पंधरा गावांत नवरीचा चुडा तीच भरते. पंजा नुसता दाबून बघते आणि माप सांगते. सावळा हात आला की ती खुश व्हायची. “हिरवी काच ह्याच हातावर खुलती,” म्हणायची. पोरी लाजायच्या आणि जरा ताठ बसायच्या.

अलीकडं पोरी लाजेनाशा झाल्या. फोनमधली जाहिरात पुढं धरून विचारायच्या, “चाची, हात गोरा दिसंल असली बांगडी हाय का?” चाची चिडायची. मग नांदेडचा एक एजंट गोरेपणाच्या ट्यूबा ठेवून गेला आणि बांगड्यांच्या आधी त्याच संपायला लागल्या. मी तिला भर बाजारात झापलं.

“म्या न्हाई ठेवली तर बाजूचा ठेवतोच की,” ती म्हणाली. हे उत्तर मला आजही पटलेलं नाही.

माझी पुतणी रेणुका तिचंच गिऱ्हाईक. बी.एस्सी. झालेली, हुशार, सावळी. दोन ठिकाणांहून नकार आला. कारण कुणी सांगितलं नाही, पण पोरीनं ते बसस्टँडसमोर रोज वाचलेलं होतं. आठ महिने तिनं तोंडाला आणि हातांना ती ट्यूब चोळली. उन्हात गेली की कातडी भाजायची, म्हणून घराबाहेर पडणं सोडलं. रंग उजळला, लग्न जमलं, घरात सगळ्यांनी त्या क्रीमचं कौतुक केलं. मी गप्प बसले. त्याची मला लाज वाटते.

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा चाची चुडा भरायला घरी आली. ओसरीवर बायका जमल्या होत्या. साबणाचा फेस लावून तिनं रेणुकाचा पंजा दाबला, पहिली बांगडी सरकवली, आणि अंगठ्याच्या मुळापाशी कातडीच सोलून निघाली. रक्त आलं. चाची दचकली आणि बांगडी वाढली, तुकडे ओसरीवर पडले.

रेणुकाची आई, माझी जाऊ सिंधु, ओरडलीच. “चाची, शुभाच्या वक्ताला हे काय केलंस? हात थरथरायलेत तर धंदा सोड ना!”

भरताना बांगडी वाढली तर नुकसान चुडा भरणारीचं, हा मनियारांचा रिवाज. हात चुकला म्हटलं असतं तर चाची तेवढ्यावर सुटली असती. तिनं रेणुकाचा हात उजेडाला धरला, उलटापालटा करून पाहिला.

“न्हाई सिंधुवहिनी. तीस साल झाले, माझ्या हातानं कुणाची चमडी गेली न्हाई. हे त्या ट्यूबनं केलंय. चमडी खाऊन टाकली हिची. आन ट्यूब म्याच दिली.”

इतक्या बायकांसमोर असं बोलणं म्हणजे पंधरा गावांतलं आपलं नाव आपल्या हातानं घालवणं. तिनं ते केलं. पेटीत होत्या तेवढ्या ट्यूबा काढल्या, कातरीनं कापल्या आणि अंगणातल्या मोरीच्या दगडावर पिळून टाकल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तिचा राग आला नाही.

मी हळद आणायला आत गेले. परत आले तर रेणुका जागेवर नव्हती. मोरीपाशी उकिडवी बसून, त्याच रक्ताळलेल्या हाताच्या बोटांनी दगडावरचं क्रीम निपटून गालांना लावत होती.

“अशी बघू नको काकू,” ती म्हणाली. “चार दिवसांनी समदे माझ्या तोंडाकडंच बघणार हायेत.”