न येणाऱ्या भाषेतल्या चुका

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही — आणि त्याच्यापासून माझी चोरून खाल्लेली रबडीही लपत नाही.

मी मूळची साताऱ्याची, लखनौत इतिहास शिकवते. घर अलीगंजात. माझा विषय ऐकून लोक हसतात — पहिल्या महायुद्धानंतरचे तह आणि अर्मेनिया. सेव्हरच्या तहात अर्मेनियन लोकांना कागदावर मोठा मुलूख मिळाला, समुद्रापर्यंत वाटसुद्धा. तीन वर्षांनी लोझानला नवा तह झाला, त्यात अर्मेनियाचं नावही नव्हतं. एवढ्यावर मी उभं आयुष्य काढलं, तेही इंग्रजी कागद वाचून. या विषयातली मी एकटीच, असं मिरवायचे. खोटं कशाला बोलू?

मग आमच्या विभागात वसुधा आली. रेल्वे इंजिनियरची मुलगी, इथेच वाढलेली, अर्धी मराठी अर्धी हिंदी बोलणारी. मला ताई म्हणायची, माझ्या हातच्या पुरणपोळ्या हक्काने खायची. आणि ही बया काय करते? तर अर्मेनियन शिकते! कोलकात्याच्या एका अर्मेनियन आजींकडून, रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर. चार वर्षं! मला का नाही सुचलं हे? सुचलं होतं हो — कंटाळा केला.

जळफळाट म्हणजे काय ते मला पन्नाशीत कळलं. ती खूश दिसली की माझा दिवस नासायचा.

तिने पुस्तक लिहिलं. प्रकाशकांची रीत अशी, की लेखकाचं नाव काढून हस्तलिखित एका जाणकाराकडे पाठवायचं. जाणकाराचं नावही लेखकाला कळत नाही. या विषयाचे जाणकार देशात किती? ते बाड माझ्याकडेच आलं. दोन पानांत ओळखलं, कुणाचं ते.

काय सुंदर लिहिलं होतं मेलीने! मी ज्याला आयुष्यभर ‘सीमाप्रश्न’ म्हणत आले, तिथे तिने माणसं उभी केली होती. निर्वासितांच्या छावणीतले अर्ज — आमचं गाव हद्दीत येणार ना? शाळा कधी उघडायची? बी-बियाणं कोण देणार? तिकडे तह उलटत होता आणि हे लोक पेरणीची तयारी करत होते. वाचता वाचता रडले मी. आणि मग अहवाल लिहायला बसले.

लिहिलं — ‘अर्मेनियन मजकुराचं भाषांतर ठिकठिकाणी सदोष आहे.’ पानांचे आकडेसुद्धा दिले. मला त्या लिपीतलं एक अक्षर वाचता येत नाही. मग पानं निवडली कशी? जिथे जिथे वाचताना सगळ्यात जास्त जळले, ती पानं दिली.

पुस्तक माझ्या निनावी अहवालासकट तिच्याकडे परत आलं. ती तो कागद घेऊन माझ्याकडेच आली. दुसरीकडे कुठे जाणार? म्हणाली, “ताई, अहवाल लिहिणाऱ्याला पक्की अर्मेनियन येते यार. गलती मेरी ही होगी. आजींना दाखवू का?”

आजींनी एका सकाळीत माझं पितळ उघडं पाडलं असतं. मी चहा ओतत म्हटलं, “नको गं. या वयात त्यांना वाटेल, आपणच पोरीला चुकीचं शिकवलं. कशाला दुखवतेस?”

तिने ऐकलं. आजींना तोंड कसं दाखवायचं म्हणून शिकवणीही बंद केली. आजी पुढच्या हिवाळ्यात गेल्या. ही का फोन करत नाही, ते त्यांना कळलंच नाही. वसुधाने पुस्तक गुंडाळलं, नोकरी सोडली. आता शाळेत शिकवते. ते अर्ज पुन्हा कुणी वाचले नाहीत.

गेल्या महिन्यात निशातगंजला सब्जी घेताना भेटली. पाया पडायला वाकली. सहज विचारलं, अजून वाचतेस का ती भाषा? हसली — “सब भूल गई, ताई. आता अक्षरंसुद्धा लागत नाहीत.”

आणि मला बरं वाटलं. तिथे, तिच्या डोक्यावर हात ठेवलेला असताना — बरं वाटलं मला.