पिशवीच्या तळाशी

मधुमेह असलेल्या गरीब माणसांना पथ्याचं धान्य सवलतीत घरपोच देण्याचं काम मी हौसेनं करते. ज्वारी-डाळीची भरलेली पिशवी द्यायची आणि मागच्या खेपेची कापडी पिशवी परत घ्यायची. ती कधी धड रिकामी नसते. तळाशी मूठभर दाणे असतातच. मी ती उंबऱ्याशीच झटकते.

आज एका आजींच्या दारात झटकली आणि वर म्हणाले, "आजी, पिशवी नीट रिकामी करून देत जा हो."

त्या ओशाळल्या. "रिकामी कशी देऊ, बाई? चिमूटभर साखर ठेवली असती, पण साखर आता घरात आणतच नाही."

माझी आईही शेजारणीची वाटी कधी रिकामी परत पाठवत नसे. ही रीत मला ठाऊक होती. पण ती शेजारणींची. ज्यांना आपण देतो, त्यांनाही आपल्याला काही द्यावंसं वाटत असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

मी वाकून दाणे वेचू लागले.

"राहू दे, चिमण्या खातील. थांब जरा," म्हणत आजी आत गेल्या. डबा उघडल्याचा आवाज आला.

मी पिशवीचं तोंड उघडून उभी राहिले. मान काही वर होईना.