उकंडरावाचं वजन

उकंडरावाचा विषय निघाला की माझं डोकं आजही तापतं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

जानेफळात त्याचं घर आमच्या घराला लागून. त्याच्या आधीची तीन भावंडं तान्हेपणीच गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा मनकर्णाकाकीने, म्हणजे त्याच्या आईने, त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि सुईणीकडून उचलून घरात आणवलं. टाकून दिलेल्या पोरावर मरणाचा डोळा जात नाही, असा समज. नावही त्या उकंड्यावरूनच पडलं. पोर जगलं, पण काकीची भीती गेली नाही. तो जेवायला बसला की ती ताट वाढून भिंतीकडे तोंड करायची. आईची नजर लेकराला सगळ्यात आधी लागते म्हणे! लेकाला मिशा फुटल्या तरी ही आपली भिंतच बघत बसलेली.

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती. पोलिसांत भरती निघाली आणि उकंडराव बुलढाण्याला गेला. उंची भरली, छाती भरली, धावण्यात सगळ्यांच्या पुढे. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं आणि सगळं फिसकटलं. "वजन वाढवून ये," म्हणाले. पुढची भरती हुकली की त्याचं वय निघून जाणार होतं. घरची जमीन भावकीत वाटून ओंजळभर उरलेली. त्याला पोलीसच व्हायचं होतं, दुसरं काही डोक्यात नव्हतं.

वजन वाढवायचं म्हणून या शहाण्याने काय करावं? पहाटे उठून जोर-बैठकांचा सपाटा लावला, वर मेहकरच्या रस्त्याने धावणं. होता तोही वाळला. तालमीतले जानराव वस्ताद त्याच्यावर खेकसले.

"अबे, अंग कमवून राह्यला का झिजवून राह्यला? धावणं बंद कर. जोर थोडे मार, पण दमानं मार. दगडी नाल उचल. आन् उचलली का खाय आन् झोप!"

मग गाडी रुळावर आली. भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे, वरणात कुस्करलेली भाकर आणि आमच्या म्हशीचं तांब्याभर दूध. बाजाराच्या दिवशी मी त्याला कापसाच्या काट्यावर बसवायचो. मापारी माणिकराव वजन करून असा ओरडायचा की अर्धा बाजार वळून बघे. काटा हळूहळू सरकत होता. खांदे भरले, गालफडं भरली. लोक म्हणू लागले, "उकंड्यानं अंग धरलं बे!"

तेच नडलं. शेजारच्या तानुबाईने ही बातमी कौतुकाने काकीला सांगितली आणि तिथून काटा जो अडकला, तो हलेचना. व्यायाम तोच, खाणं तेच. वस्ताद चक्रावले, मी वैतागलो. मात्र गल्लीतलं एक काळं कुत्रं दिवसेंदिवस गुटगुटीत होत चाललं होतं. पुढची भरती तर तोंडावर आलेली.

एकदा दुधाच्या वेळेला मी त्यांच्याकडे गेलो. काकीने भाकर आणि दुधाचा तांब्या लेकावरून ओवाळला आणि मागच्या दारी गेली. मी डोकावलो. भाकरीवरचा लोणी लावलेला पापुद्रा कुत्र्यापुढे, अर्धं दूध खापरात, आणि तांब्यात रांजणातलं पाणी! तो तांब्या तिने लेकाच्या हाती दिला. त्याने निमूट तोंडाला लावला.

मी त्याला बाहेर ओढलं. "काकी पाणी घालून राह्यली तुह्या दुधात!"

"मले मालूम हाय."

"मंग बोलत काऊन नाही बे?"

"तिनं तीन पुरले, शेषराव. म्या काय बोलू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, आजपासून आमच्या ओट्यावर दूध पी. तो पीतही होता. काकीला कळलं, तशी तिने अन्न सोडलं. लेक बाहेर चोरून अंग वाढवतो म्हणून ही घरात उपाशी! त्याने मुकाट्याने पुन्हा पाण्याचा तांब्या धरला. अशा माणसाचं करायचं काय?

भरतीला मी सोबत गेलो. बुलढाण्याच्या स्टँडवर त्याला केळी घेऊन दिली, गळ्यापर्यंत खाऊ घातली. नेमकं धावणं आधी निघालं आणि केळी मैदानात बाहेर आली. तरीही तो पहिलाच आला. मग काटा. अगदी थोडक्यासाठी गेलं. डॉक्टरही हळहळले, पण हळहळून वजन भरत नाही. येताना एस.टी.त मी वाटभर ठरवत होतो की आज काकीला सोडायचं नाही.

काकी दारातच उभी होती. "काय झालं रे बाबू?"

"वजन कमी भरलं, माय."

तिने दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. तिचे डोळे भरून आले, आणि तो आनंद होता. "नाही भरलं ना? मंग जगशीन माह्या राजा, जगशीन!"

वाटभर जुळवलेलं सगळं सोडून मी पायरीवर टेकलो.

"जगून करू काय, ते सांग ना मले," उकंडराव म्हणाला. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

तिने ताट वाढलं, त्याच्यावरून ओवाळलं आणि मागच्या दाराकडे निघाली. त्याने तिच्या हातातून ताट काढून घेतलं आणि तिथेच फतकल मारून बसला. ती सवयीने भिंतीकडे वळली. त्याने भाकर चतकोरही न ठेवता संपवली, बिनपाण्याचं दूध घटाघटा प्यायला. दारात काळं कुत्रं शेपूट हलवत ताटकळत होतं, आणि ती भिंतीकडे बघत हळूच विचारत होती, "त्या कुत्र्याचं काढून ठेवलं ना रे?"