लाइनमन कधी येणार?

स्पीच थेरपीत किस्से जमवावे लागत नाहीत. पेशंट एक शब्द शोधत येतो, त्याला भलताच सापडतो, आणि तो माझ्याकडे ठेवून घरी जातो. नव्वद सालच्या आसपास मी मिरा रोडला, शांती नगरमधल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायचे. येणाऱ्या बहुतेकांना मेंदूचा झटका येऊन गेलेला, वाचा अडकलेली. माझा कोर्स नुकताच संपला होता. जास्त गोंधळलेलं कोण, पेशंट की मी, हे बऱ्याचदा कळायचं नाही!

*

आमची एक टेस्ट असते. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगायचे. गिरगावातून इकडे राहायला आलेले, रिटायर्ड हेडक्लार्क देवधरकाका म्हणाले, "वाघ." मग नुसतीच घड्याळाची टिकटिक.

न राहवून मी म्हटलं, "काका, राणीच्या बागेत काय काय बघितलंत?"

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज बुधवार. बाग बंद!"

चार शब्द, न अडखळता! हत्ती मात्र काही केल्या येईना. मी कागदावर मार्क लिहिला, एक.

*

हे असं का, ते डॉक्टरांनी देवधरकाकूंना समजावलं. "शब्द आत आहेत, तोंडही ठीक आहे. मेंदूतल्या भागांना एकमेकांशी जोडणारे पांढरे तंतू असतात, ते तुटलेत."

काकूंच्या घरचा फोन गणपतीपासून डेड होता. "म्हणजे केबल फॉल्ट! मग लाइनमन कधी येणार?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही?"

*

सावंतबाईंची मराठी गेली आणि बाजारातली हिंदी तेवढी उरली. नवऱ्याने चहा आणला की म्हणायच्या, "भैया, कितना टाइम लगाया!" तीस वर्षांचा संसार, आणि नवरा भैया! सावंतांनी दोन आठवडे दुरुस्त करून पाहिलं. मग तेही "लो मॅडम, गरम है" म्हणायला लागले.

"तेवढं तरी बोलतेय ना," मला म्हणाले, आणि खिडकीकडे वळले.

तीन महिन्यांनी माझ्यासमोर बाई हळूच म्हणाल्या, "अहो."

"हां, बोलो," सावंत पेपरातून मान वर न करता म्हणाले.

मी ओरडलेच, "त्या 'अहो' म्हणाल्या!"

सावंतांच्या हातातून पेपर गळून पडला. "क्या बोली?"

*

गोडदेव गावच्या जनूबाबांकडे एकच शब्द उरला होता. "हाय." तिकडच्या बोलीत म्हणजे आहे, हो. जेवलात? "हाय." उपाशी आहात? "हाय."

एके दिवशी त्यांचा थोरला मुलगा नामदेव मला साक्षीला म्हणून घरी घेऊन गेला. ओट्यावर बिल्डर कागद मांडून बसला होता. घरामागची भातशेती बाबांच्या नावावर होती, आणि तिथे बिल्डिंग उठणार होती.

"बाबा, जमीन द्याची हाय ना?" नामदेवने विचारलं.

"हाय."

"बघा मॅडम, हो बोलले!"

मी विचारलं, "बाबा, जमीन ठेवायची आहे का?"

"हाय."

बिल्डरने पेनाला टोपण लावलं. नामदेव घाईने म्हणाला, "बाबांना सगलं समजते, मॅडम. थांबा, दाखवतो." तो बाबांसमोर उकिडवा बसला, त्यांचा हात हातात घेतला. "बाबा, माझ्याकडे बघा. मी तुमचा पोर हाय ना?"

जनूबाबांनी त्याच्याकडे पाहिलं. आणि आठ महिन्यांत घरात कुणी ऐकला नव्हता तो शब्द आला, खणखणीत.

"न्हाय!"