नानांची अवजारे, रिकाम्या फळीसकट

सागाचा वीतभर नांगर. बाभळीचे जू. दंताळे, तिफण, आखासकट बैलगाडी. विळा एक आणि 'दाल्गिस' एक. शिवाय एक कोरी, गुळगुळीत फळी. आदरणीय काशिनाथनानांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूंपैकी मी या लेखापुरत्या एवढ्याच धरतो. सुरतेजवळच्या आमच्या डिंडोलीतले दरवाजे आणि मागांचे धोटे यांविषयी या गौरवअंकात इतर मंडळी लिहितीलच. या वस्तूंना कोणी खेळणी म्हटले की मला राग येतो.

नानांची ओळख मला एका पाटीमुळे झाली. मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्यासाठी फळी मागायला गेलो, तर नानांनी लाकडावर तळहात फिरवला आणि अजून ओले आहे, दिवाळीनंतर या, म्हणून परत पाठवले. गिऱ्हाईक हातचे गेले. दिवाळीनंतर मिळालेली ती फळी मात्र दुसऱ्या एका दुकानावर आजही सरळ आहे. मी रोज तिच्याखालून जातो.

त्याच सुमारास पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये यंत्रे बसवायला लिथुआनियाचा योनास नावाचा फिटर आला होता. लाकडी खोके करून घ्यायला तो नानांकडे आला आणि मग येतच राहिला. त्याच्या देशात सामुदायिक शेती मोडली होती, वडिलांना त्यांची जमीन परत मिळाली होती. अवजारे येत होती परदेशातून, माहिती सगळी इंग्रजीत. म्हाताऱ्याला ती वाचता येईना. योनासला शेतीचे इंग्रजी शब्द आणि त्यांपुढे आपल्या भाषेतले शब्द, अशी जोडी लावून हवी होती. त्याचे इंग्रजी नटबोल्टपुरते. मी सातवीपर्यंत शिकलो; पुढचे इंग्रजी एकट्याने, कोश उघडून. त्याचा मला संकोच नाही. पण कोशातला अर्थ योनासला पुन्हा इंग्रजीतच सांगावा लागे. तेव्हा नाना मला म्हणाले, "तू माले सांग. मी करी दखाडस. तो वळखी."

तसेच ठरले. मी शब्द सांगायचा, नानांनी वस्तू करायची, ती बघून योनासने नाव सांगायचे. प्लाउ झाला प्लूगास, हॅरो झाला अकेच्योस. नाव वस्तूपासून सुटे राहू नये, असा नानांचा आग्रह. म्हणून प्रत्येकीच्या तळाशी इंग्रजी, आपले आणि योनासचे अशी तिन्ही नावे मी तिथेच रंगवत गेलो. कागद शेवटी, सगळे एकदम करू, असे तिघांनीही मानले.

'साइथ'ला नानांनी मोठा विळा केला. योनास मान हलवेना. शेवटी तो उभा राहिला आणि दोन्ही हातांनी गवत झोडपल्यासारखा झोका घेऊ लागला. नाना बघत राहिले. "उभा राहीसन कापतस? मंग कंबर कसाले दिधी देवनी?" म्हणाले खरे, पण पुढच्या सुटीला लांब दांड्याचे पाते तयार होते. योनासने ते छातीशी धरले. तेच दाल्गिस.

'फॅलो' म्हणजे पडीक. हे कसे कोरणार? हा शब्द सोडून द्या, असे मी सुचवले. नानांनी एक फळी रंधून, घासून आमच्यापुढे ठेवली. "हाई बी वावरच शे. आवंदा पेरं नही, इतलंच." योनासने फळीवर हात फिरवला आणि हळूच म्हणाला, पूदीमास.

थोडेच शब्द उरले होते. तेवढ्यात सुरतेत प्लेगच्या साथीची आवई उठली आणि कंपनीने योनासला त्याच दिवशी परत बोलावले. निरोपही झाला नाही. कागद झाला नव्हता. शब्द इथे, वस्तूंच्या तळाशी राहिले आणि तो रिकाम्या हातांनी गेला. पुढे आम्ही प्रोसेस हाऊसमध्ये खेटे घातले, पण त्याचा पत्ता कोणालाच सांगता आला नाही. त्या म्हाताऱ्याने पेरणी कशी केली असेल, हा प्रश्न नाना अजून काढतात.

त्या पळापळीत लोकांनी ट्रंका उचलल्या. नानांनी अंथरूण मागे टाकून या वस्तूंचे पोते खांद्यावर घेतले आणि दुसऱ्या हाताने माझ्या आईला गाडीत चढवले. गावी आमचे घर उरले नव्हते. साथ ओसरेपर्यंत माझी आई नानांच्या गावाकडच्या घरी, त्यांच्या आईच्या मानाने राहिली. हे उपकार मी इथे नोंदवतो, कारण नाना ते कोणाला सांगणार नाहीत.

आज नाना पंचाहत्तरीत आहेत. त्यांच्या नातवंडांना वखर म्हणजे काय ते माहीत नाही. ती गुजरातीत हसतात आणि पतंग उडवायला पळतात. नानांचा हात रंध्यावर असाच स्थिर राहो, नजर अशीच सरळ राहो, आणि योनास किंवा त्याचे वडील पत्ता विचारत या गल्लीत येतील तेव्हा दार उघडायला नानाच असोत, एवढे निरोगी आयुष्य त्यांना लाभो.

गेल्या वर्षी हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने भिंतीवर लावायला या वस्तू मागितल्या. नानांच्या घराचे पत्रे तेव्हा गळत होते. सौदा जवळजवळ झाला होता. मग तो म्हणाला, "काका, ये खाली पटिया रहने दो, बाकी सब दे दो." नानांनी फळी उचलली, पुसली, नांगराशेजारी होती तिथे ठेवली आणि नाही म्हणून सांगितले. देऊ केलेली रक्कम एकवीस हजार रुपये होती. लोक पंधरा सांगतात, ते चूक आहे.