दोन कार्डांचा कॅमेरा

बिराप्पा जन्मभर मेंढरांमागं फिरला आणि त्याचा पोरगा इंद्रजित नवरा-नवरीमागं. आटपाडीत त्याचा फोटो स्टुडिओ. जुना कॅमेरा ऐन लग्नसराईच्या तोंडावर बंद पडला, तेव्हा तो नवा घ्यायला सांगलीत विश्रामबागला गेला आणि तिथं घोळ घालून आला.

दुकानदार जयराजनं काउंटरवर दोन कॅमेरे मांडले. एक शिकाऊ पोरांचा, हलका, एका कार्डाचा. दुसरा धंदेवाल्यांचा, विटेसारखा जड, त्यात दोन कार्डं बसायची. प्रत्येक फोटो दोन्हींत उतरतो, एक कार्ड गेलं तरी दुसऱ्यात राहतो, हे जयराजनं पुन्हा पुन्हा समजावलं. पण मोठ्या कॅमेऱ्यासोबत साधीच लेन्स परवडत होती. छोट्यासोबत हातभर लांबीची येत होती. ती लेन्स बघून इंद्रजित पाघळला. त्याला एकट्याला तरी कशाला बोल लावा? मांडवात कॅमेऱ्याच्या पोटात काय आहे ते कोण बघतं? नळकांडं केवढं आहे ते बघतात आणि पुढची सुपारी देतात. कार्ड काय रोज जातंय व्हय, म्हणाला आणि छोटा घेऊन आला.

त्या कॅमेऱ्यावर पहिलंच मोठं लग्न काढलं ते शिवतेजचं. शिवतेज वाळव्याकडचा, ऊसवाल्या घरातला, कॉलेजपासूनचा जिवलग दोस्त, आता फौजेत. त्याचे वडील नाथाजी निवृत्त सुभेदार. माणूस इतका कडक, की पोराला कधी जवळ घेतलेलं गावानं पाहिलं नव्हतं. पण अक्षता पडल्यावर शिवतेज पाया पडायला वाकला आणि काय झालं कुणास ठाऊक, म्हाताऱ्यानं त्याला उठवून गच्च मिठी मारली. निम्मे पाहुणे पंगतीकडं पळालेले, उरलेले मोबाईल रोखून नवरीपाशी. ती मिठी टिपली एकट्या इंद्रजितनं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवली, तर शिवतेज बघतच राहिला. आबांना हा मोठा करून दे, लय मोठा, म्हणाला.

घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर ते उघडेना. फोटो निघतात का बघायला पुण्याला धाडलं, तिथूनही हात हलवत परत आलं. इंद्रजितची पाचावर धारण बसली. तरी त्यानं शिवतेजला फोन करून खरं ते सांगून टाकलं. शिवतेज हसला. आबांना आत्ताच सांगू नको, पुढच्या सुट्टीत तेच कपडे घालून परत काढू, समीक्षाचीही हौस होईल, म्हणाला. समीक्षा म्हणजे त्याची बायको.

"फकस्त आबा परत मिठी मारत्यात का, तेवढं बघू."

इंद्रजितनं जिवाचं रान करून दोन कार्डांचा मोठा कॅमेरा घेतला आणि सुट्टीची वाट बघत बसला. सुट्टी दूरच राहिली. शिवतेजची गाडी बर्फावरून घसरून दरीत गेली.

तिरंग्यातली पेटी गावात आली, तेव्हा नाथाजींनी निरोप धाडला, फोटो इंद्रजितच काढील. त्यानं काढले. सलामीचे काढले, समीक्षाचे काढले, अग्नीचे काढले. मेला एकही वाया गेला नाही. सगळे दोन्ही कार्डांत उतरले.

तेराव्यानंतर नाथाजी एसटीनं आटपाडीला आले. सगळ्यांचे मोबाईल त्यांनी धुंडाळून झाले होते.

"अल्बम ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मी त्याला धरल्याला, तेवढा एक दे."

इंद्रजितनं सगळं सांगितलं. जयराज काय म्हणाला होता आणि आपण लेन्सच्या लांबीला कसे भुललो, तेही सांगितलं, आणि मार खायच्या तयारीनं मान खाली घालून उभा राहिला. मारतील तर बरं, असंच त्याला वाटत होतं. नाथाजी फळीवरच्या त्या लांबलचक लेन्सकडं बघत बसले.

"तू बगितलावतास न्हवं त्यो फोटो?"

"व्हय, आबा."

"मग सांग. मला कायबी आठवंना झालंय. माझा हात कुटं हुता?"

इंद्रजितनं स्वतःचे हात उचलून दाखवले. "एक पाठीवर. दुसरा फेट्यावर."

"आणि त्यो?"

"त्यानं डोळं मिटलं हुतं, आबा. हसत हुता."

नाथाजींनी स्वतःचे डोळे मिटून घेतले.

"परत सांग," ते म्हणाले.

इंद्रजितनं परत सांगितलं.